बारा मिनिटांत पत्री सरकार

आपल्या बॅचने केलेल्या फिल्मचा किस्सा लिही, असं स्मरणिकेच्या मंडळींनी मला सांगितलं. किस्से पुष्कळ आहेत, पण ते संमेलनात चहाच्या वेळी जास्त रंगतात. लेखात मला दुसरं काही सांगायचं आहे. बारा मिनिटांची फिल्म करायला आम्हाला पाच महिने लागले. तेवढ्या काळात आपल्याच भागातल्या १९४२ ते १९४६ या वर्षांबद्दल जे कळलं, त्यातलं फार थोडं पडद्यावर आलं. उरलेलं कुठेतरी नोंदवून ठेवावं, म्हणून हा लेख. मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. तुम्हाला माहीत आहे, माझा फोटो स्टुडिओ आहे आणि आयुष्यभर मी लग्नाचं शूटिंग केलं आहे.

२०२२ साली स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त तालुक्याच्या एका सार्वजनिक वाचनालयाने लघुपट स्पर्धा ठेवली. विषय होता ‘बेचाळीसचं वादळ आणि आपला परिसर’. नियम साधे होते. लांबी बारा मिनिटं, कलाकार हौशी, आणि फिल्ममधल्या एका तरी गोष्टीला गावातल्या माणसाच्या आठवणीचा किंवा घरातल्या कागदाचा आधार हवा. आपल्या १९८६ च्या बॅचच्या ग्रुपवर मी ती जाहिरात टाकली तेव्हा तासाभरात बेचाळीस मेसेज आले. त्यातले चाळीस नुसते अंगठे होते. उरलेल्या दोघांपैकी एक पुण्याहून म्हणाला, पैसे मी घालतो. दुसरी, आपली वर्गमैत्रीण, आता प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका आहे. तिने विचारलं, ‘संहिता सर बघतील का?’

सर म्हणजे आपले इतिहासाचे सर. वय त्र्याऐंशी. आम्ही घरी गेलो तेव्हा त्यांनी संहिता मागितलीच नाही. एक कोरा कागद घेतला, मधोमध उभी रेघ मारली आणि म्हणाले, ‘डावीकडे घटना लिहा, उजवीकडे साक्षीदार. ज्या घटनेला दोन साक्षीदार नाहीत ती घडली असं दाखवू नका. फार तर कुणीतरी तसं बोलतंय, असं दाखवा.’ हा कागद पुढे पाच महिने स्टुडिओच्या भिंतीवर होता. पुढच्या सगळ्या भांडणांचा निकाल त्या रेघेनेच लावला.

आधी पार्श्वभूमी सांगतो, कारण आपल्या नातवंडांपैकी कुणी हे वाचेल तर त्याला संदर्भ लागेल. तेव्हा सांगली जिल्हा नव्हता. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले, आणि दक्षिण साताऱ्याचं ‘सांगली’ हे नाव १९६० मधलं. म्हणूनच आपल्याकडची मंडळी त्या काळाबद्दल बोलताना अजून ‘साताऱ्याचं प्रतिसरकार’ म्हणतात, जरी त्यातली निम्मी गावं आज सांगलीत असली तरी.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर ‘भारत छोडो’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पुढाऱ्यांची धरपकड सुरू झाली. आपल्याकडे त्याचं उत्तर आधी मोर्चांनी दिलं गेलं. खेड्यापाड्यांतून हजारो माणसं चालत मामलेदार कचेरीवर गेली. तासगावला ३ सप्टेंबरला कचेरीवर तिरंगा लागला. वडूजला ९ सप्टेंबरला मात्र पोलिसांनी गोळ्या घातल्या. हातात झेंडा धरलेले परशुराम घार्गे पडले आणि एकूण नऊ जण हुतात्मा झाले. लगेच दुसऱ्या दिवशी इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला. तिथे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले अभियंते उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे गेले. नि:शस्त्र मोर्चांचा शेवट असा झाला, तेव्हा तुरुंगाबाहेर राहिलेले तरुण भूमिगत झाले. सरकारची कचेरी ताब्यात घेता येत नसेल तर तिच्याकडे जाण्याची गरजच गावाला उरू नये, ही त्यांची पुढची चाल. त्यातून १९४३ पासून प्रतिसरकार उभं राहिलं.

सर्वांत मोठं नाव क्रांतिसिंह नाना पाटलांचं. जन्म ३ ऑगस्ट १९००. तलाठ्याची नोकरी सोडून १९३० मध्ये चळवळीत पडलेला माणूस. रानातल्या बोलीत भाषण करायचे, त्यामुळे ते गावोगाव समजायचं. त्यांच्याबरोबर कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, वाई भागातले किसन वीर अशी तिशीच्या आतबाहेरची मुलं होती. बापू आणि अण्णा दोघेही १९२२ चे, म्हणजे तेव्हा अवघ्या एकविशीचे. आपण एकविशीत काय करत होतो ते प्रत्येकाने आपापलं आठवावं.

आता फिल्म कशावर करायची? ग्रुपवर एकमत झालं ते शेणोलीवर. ७ जून १९४३ ला तुफान सेनेच्या लोकांनी शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पगाराचा खजिना नेला, हे आपल्याकडे पोराटोरांना माहीत असतं. तिथे स्मारकही आहे. कुंडलचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र लाड, त्या मोहिमेत आघाडीवर होते. २०२२ च्या फेब्रुवारीत ते वारले तेव्हा शंभरीला टेकले होते. त्या पैशाला कुणी ‘लूट’ म्हटलेलं त्यांना चालत नसे. इंग्रजांनी लोकांकडून लुबाडलेलं आम्ही परत आणलं, असं त्यांचं म्हणणं असे. हा शब्दाचा मुद्दा आम्हाला पुढे फार उपयोगी पडला.

पण आगगाडी आणायची कुठून? १९४३ मध्ये पुणे-मिरज मार्ग मीटर गेज होता. रूळ अरुंद, डबे छोटे, इंजिन वाफेचं. आज तिथून विजेच्या गाड्या जातात. पुण्याचा मित्र म्हणाला, कॉम्प्युटरवर करू. त्याने नमुना करून पाठवलाही. तो बघून मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, ‘ही गाडी जत्रेतली वाटते.’ शेणोलीचा विषय तिथेच संपला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. गाडी एका दिवसाची घटना होती. पुढे १४ एप्रिल १९४४ ला खानदेशात चिमठाण्याजवळ साडेपाच लाखांचा सरकारी खजिना नेला, तीही एका दिवसाची. पण प्रतिसरकार तीन वर्षं टिकलं ते अशा दिवसांवर टिकलं नाही. रोज रात्री कुठल्या तरी घरात भाकरी तयार होती, रोज कुणीतरी चिठ्ठी पोचवत होतं आणि गावातले तंटे गावात मिटत होते, म्हणून ते टिकलं. आम्ही ठरवलं, फिल्म एका रात्रीची करायची. भाकरीची, चिठ्ठीची आणि निवाड्याची.

टिकण्याला आणखी एक कारण होतं ते नकाशात आहे. आपला भाग तेव्हा सलग इंग्रजी नव्हता. मध्येमध्ये औंध, सांगली, मिरज, जत, फलटण अशी संस्थानं आणि खाली कोल्हापूर. इंग्रजी हद्दीतला पोलीस संस्थानात आपल्या मर्जीने शिरू शकत नसे. स्वतः कुंडल हे औंध संस्थानात. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी तर १९३९ मध्ये राज्यघटना देऊन आपल्या बहात्तर गावांचा कारभार पंचायतींकडे सोपवला होता. म्हणजे प्रतिसरकारच्या आधीच, हाकेच्या अंतरावर, खेडूत आपला कारभार आपण करत होते. गावसभा आणि पंच ही कल्पना आपल्याकडे पुस्तकातून आलेली नव्हती. भूमिगतांना आसरा मिळाला तो याच हद्दीत.

शूटिंगची जागा शोधताना भूगोल आणखी शिकवून गेला. आज आपल्याकडे जिकडे कॅमेरा फिरवावा तिकडे ऊस. सहकारी साखर कारखाने, उपसा सिंचन हे सगळं स्वातंत्र्यानंतरचं. तेव्हा रान ज्वारी-बाजरीचं होतं, विहिरीवर मोट चालायची आणि बागायत त्या मोटेच्या आवाक्यापुरती. विजेचा खांब, पत्र्याचं शेड, मोबाईलचा टॉवर, काळा पाईप यांपैकी काही न दिसणारी पन्नास फूट जागा मिळायला आम्ही तीन आठवडे हिंडलो. शेवटी एका वर्गमित्राच्या वस्तीवरचं जुनं मातीचं घर मिळालं. सोपा, माजघर, चूल, सगळं जागेवर. त्यात तो आता वैरण ठेवतो. ती आम्ही दोन दिवसांत बाहेर काढली. यात एस.टी.तून निवृत्त झालेला आपला मित्र सर्वांत पुढे होता, हे इथे छापलंच पाहिजे.

भाकरीचा भाग आम्हाला दिला तो त्याच मित्राच्या आत्यांनी. वय नव्वदीच्या घरात. त्या काळात त्या अकरा-बारा वर्षांच्या. फिल्मसाठी नव्हे, अशाच गप्पा मारायच्या म्हणून आम्ही बसलो आणि शेजारी कॅमेरा चालू ठेवला. नाना पाटील बघितले होते का, असं मी विचारलं. ‘तोंड कुनाचं बघनार? चिमनी इझवलेली असायची,’ आत्या म्हणाल्या. त्यांना आठवत होते ते पाय. अंधारात उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेल्या वहाणा आणि चिखलाचे पाय. वहाणा मोजायचं काम त्यांच्याकडे होतं. किती जोड, ते आत जाऊन आईला सांगायचं. मग आई त्या हिशेबाने पीठ घ्यायची. पहाटे जात्यावर पुन्हा बसायला लागायचं, कारण घरातलं दळण रात्रीच संपलेलं असायचं. महायुद्ध चालू होतं, रॉकेलचा तुटवडा होता, धान्य महाग झालं होतं. अशा दिवसांत पंधरा जणांची रात्रीची भाकरी ही काय चीज होती, ते घर चालवलेल्या बायकांना सांगायला नको.

याच ठिकाणी मला पहिल्यांदा नीट कळलं की इतिहासात कुणाचं नाव येतं आणि कुणाचं नाही. १९७२ मध्ये स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले गेले आणि केंद्राची निवृत्तिवेतन योजना आली. त्यासाठी साधारणपणे सहा महिन्यांचा तुरुंगवास, स्त्रियांना तीन महिन्यांचा, किंवा तसाच भूमिगत राहिल्याचा पुरावा लागे. सरकारने वॉरंट काढलं, तुरुंगात टाकलं, तरच तुम्ही नोंदीत. आत्यांच्या आईवर कुणी वॉरंट काढलं नाही. काढलं नाही कारण ती पकडली गेली नाही, आणि पकडली गेली नाही कारण तिने काम चोख केलं. त्यामुळे तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

काही जणींची नावं आली, तीही उशिरा. नाना पाटलांची मुलगी हौसाताई पाटील यांनी सांगितलेला प्रसंग आहे. पोलीस चौकीसमोर त्यांनी आणि एका सहकाऱ्याने नवरा-बायकोचं भांडण उभं केलं. पोलीस ते सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात बाकीच्यांनी आतली हत्यारं नेली. १९४४ मध्ये त्या गोव्यात जाऊन आल्या, तेव्हाच्या पोर्तुगीज हद्दीत, आणि परतताना रात्री लाकडी पेटीच्या आधाराने मांडवी पार केली. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये त्या गेल्या. कासेगावच्या इंदुताई पाटणकर, खानदेशात डॉ. उत्तमराव पाटलांबरोबर उतरलेल्या लीलाताई, ही नावं आपल्याला शाळेत असताना कुणी सांगितली होती का? मला तरी आठवत नाही. फिल्ममधली चिठ्ठी पोचवणारी मुलगी आम्ही या सगळ्यांवरून घेतली. ते काम आपल्या मुख्याध्यापिका बाईंच्या शाळेतल्या सातवीच्या मुलीने केलं. तिला एकच सूचना होती, धावायचं नाही. डोक्यावर शेणाची पाटी असलेली मुलगी धावत नाही.

आता निवाड्याकडे येतो. खरी कसोटी तिथे लागली.

प्रतिसरकारची न्यायदान मंडळं होती. शेताच्या बांधाचे, सावकारी गहाणाचे, बायकोला टाकून दिल्याचे तंटे तिथे चालत. कोर्टाचा खर्च नाही, वकील नाही, निकाल गावासमोर. दारूबंदी केली, कमी खर्चाची गांधी पद्धतीची लग्नं लावली. चळवळीच्या नावाखाली दरोडे घालणाऱ्यांचा बंदोबस्त हे तर सुरुवातीचं मोठं काम होतं. आणि शिक्षाही होत्या. लोकांच्या तोंडी ‘पत्री सरकार’ हे नाव बसलं ते या शिक्षेवरून. पायाला पत्री ठोकतात, बैलाला मारतात तशी, असा बोलबाला होता. त्या चळवळीतल्या अनेकांनी पुढे सांगितलं, की शिक्षा म्हणजे तळपायांवर काठीचे फटके. पत्री ही दहशतीची दंतकथा. ती चळवळीला उपयोगी होती आणि चळवळीला बदनाम करणाऱ्यांनाही उपयोगी होती, म्हणून दोन्हीकडून वाढली. ‘प्रति’चं ‘पत्री’ होणं बोलीला सोपंही गेलं. कॅप्टन भाऊंचा ‘लूट’ शब्दावरचा आक्षेप आठवा. एक शब्द बदलला की अख्खी गोष्ट कुणाच्या बाजूने सांगितली जातेय ते बदलतं.

आपल्या वर्गात एक मित्र आहे. त्याच्या आजोबांना तळपायांवर फटके मिळाले होते. ते गावचे पोलीस पाटील. फौजदाराला बातमी पुरवली, असा आरोप. पुढे आयुष्यभर ते एका पायाने ओढत चालायचे, आणि त्यावरून त्या घराला गावात एक नाव पडलं होतं. ते नाव इथे छापत नाही. शाळेत असताना हा मित्र पंधरा ऑगस्टच्या नाटकात कधी उभा राहिला नाही, हे आता मागे वळून बघितल्यावर ध्यानात येतं.

स्टुडिओतल्या तिसऱ्या बैठकीला तो आपणहून आला आणि म्हणाला, ‘निवाडा दाखवणार असाल तर आमच्या आजोबांचा दाखवा. पण जसा झाला तसा.’ त्याच बैठकीत दुसरा एक मित्र होता. त्याच्या वडिलांना ताम्रपट आहे. तो उठला. म्हणाला, ‘आमच्या आबांनी चार वर्षं घर बघितलं नाही. जमीन जप्त झाली, आजीला चौकीत बसवून ठेवलं. आणि अमृतमहोत्सवात तुम्ही काय दाखवणार, तर एका म्हाताऱ्याला मारताना?’ दोघंही खरं बोलत होते. खोलीत आठ जण होतो, आणि पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

मी दोघांनाही भिंतीवरच्या कागदापाशी नेलं. डावीकडे लिहिलं, ‘पाटलांना शिक्षा झाली.’ उजवीकडे दोन साक्षीदार निघाले, घरचा आणि शेजारच्या वाड्यातले एक वृद्ध, ज्यांनी लहानपणी ओसरीवरून ते बघितलं होतं. पुढची घटना, ‘पाटलांनी बातमी दिली.’ उजवीकडे कुणीच नाही. गाव म्हणतं, एवढंच. घरच्यांकडेही उत्तर नव्हतं. आजोबांनी कधी तक्रार केली नाही आणि कधी कबुलीही दिली नाही. तिसरी घटना ताम्रपटवाल्या मित्राने स्वतः लिहिली, ‘शिक्षेच्या आधी पोलिसांनी गावावर काय केलं.’ त्याला साक्षीदार पुष्कळ. सामुदायिक दंड, जप्ती, भूमिगतांच्या बायकापोरांना त्रास, हे सगळं त्या काळात जिल्हाभर झालेलं आहे. वाळव्याच्या नागनाथअण्णांचे साथीदार किसन अहिर आणि नानकसिंग १९४५ मध्ये पोलिसांशी झालेल्या चकमकीत पडले. आज वाळव्याचा साखर कारखाना किसन अहिरांच्या नावाने आहे. बातमी फुटली की माणसं मरत होती. पंचांच्या मनात ती भीती होती.

फिल्म त्या कागदाप्रमाणे झाली. आधी जप्तीचा प्रसंग. मग रात्री सोप्यावर तीन पंच, समोर पाटील. आरोप पंचांच्या तोंडी येतो, पण पाटलांनी बातमी देताना आम्ही दाखवलं नाही. शिक्षा होते तेव्हा कॅमेरा दाराबाहेर, कंदील आत. फक्त आवाज. फटके पंधरा की दहा, यावर साक्षीदारांचं एकमत नव्हतं, म्हणून आवाज चालू असतानाच पडदा काळा होतो. पाटलांचं काम त्या मित्राने स्वतः केलं. आणि पंचांतल्या एकाचं काम ताम्रपटवाल्याने. हे कुणी ठरवलं नव्हतं. ज्याला पंच करायचं होतं त्याच्या सुनेला त्या रात्री दवाखान्यात न्यावं लागलं, आणि संवाद पाठ असलेला दुसरा माणूस तिथे नव्हता. दोघांनी एकच टेक दिला. मी दुसरा मागितला नाही. तीस वर्षं बिदाईचं शूटिंग केलेल्या माणसाला दुसरा टेक कधी मागू नये ते कळतं.

स्पर्धेत आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिला नंबर कॉलेजच्या मुलांच्या वडूजच्या मोर्चावरील फिल्मला गेला, आणि तो योग्य होता. त्यांची गर्दी आमच्यापेक्षा खरी होती. एका परीक्षकांना आमचा शेवट अपुरा वाटला. पाटील दोषी होते की नव्हते, हे कळायला हवं होतं, असं ते म्हणाले. सर पहिल्या रांगेत बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण कार्यक्रम संपल्यावर त्यांनी भिंतीवरचा तो कागद मागून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला. आत्यांना आम्ही फिल्म मोबाईलवर दाखवली. त्यांचा आक्षेप वेगळाच होता. ‘येवढ्या भाकरीनं काय व्हतंय? तवा दुरडी भरायची.’ बारकाव्यात आम्ही तिथे कमी पडलो, याबद्दल आमच्यात दुमत नाही.

१९४६ मध्ये मुंबई इलाख्यात पुन्हा काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं उठली आणि भूमिगत मंडळी उजेडात आली. नाना पाटील पुढे दोनदा लोकसभेवर गेले, १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून, आणि ६ डिसेंबर १९७६ ला वारले. तेव्हा आपण पहिलीत होतो. म्हणजे हा इतिहास आपल्यापासून तेवढाच लांब आहे. ज्यांनी तो बघितला ती माणसं आपल्या लहानपणी आपल्याच ओसरीवर बसलेली होती. आता त्यांतले फार थोडे राहिले आहेत. जे आहेत त्यांचं वय नव्वदीपुढे आहे.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, एक विनंती. संमेलनाचे दोन्ही दिवस आठवी ‘ब’च्या वर्गात माझा स्कॅनर लावलेला असेल. घरच्या ट्रंकेत, माळ्यावर, देवघराच्या फडताळात त्या काळातलं काही असेल तर घेऊन या. ताम्रपट, निवृत्तिवेतनाच्या अर्जाची नक्कल, जप्तीची नोटीस, फोटो, सावकाराची वही, काहीही. कागद तिथल्या तिथे तुमच्या हातात परत मिळेल. कागद नसेल तर नाव आणा. तुमच्या घरात त्या रात्रींना चुलीपुढे कोण बसायचं, चिठ्ठी कोण पोचवायचं, त्या बाईचं किंवा मुलीचं पूर्ण नाव. त्यासाठी शंभर पानी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर आत्यांनी आपल्या आईचं नाव सांगितलं आणि सातवीतल्या त्या मुलीने ते लिहिलं. पोलीस पाटलांच्या घरच्यांनीही यावं, सावकारांच्या घरच्यांनीही यावं. वहीला उजवी बाजू आहे.

फिल्म दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता शाळेच्या सभागृहात दाखवू. पाटील आणि पंच, दोघंही हजर राहणार आहेत. सभागृहाच्या खिडक्यांना पडदे नाहीत. कुणाकडे जाड चादरी असतील तर आणा, शेवटची तीन मिनिटं उजेडात दिसणार नाहीत.